बंगळुरूला पहिल्यांदा जाताना: आधी दिशा ठरवा, मग ठिकाणे

बंगळुरूला मी पहिल्यांदा गेले ती दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी. प्रशिक्षण इलेक्ट्रॉनिक सिटीत होते आणि तिथे काय नि व्हाइटफील्डला काय, दोन्हीकडे आयटी कंपन्याच आहेत, म्हणजे ठिकाणे जवळजवळच असणार, अशा समजुतीने मी खोली घेतली व्हाइटफील्डला. सकाळी आठला रिक्षात बसले ती साडेदहाच्या सुमारास उतरले. तोवर पहिले सत्र संपलेले होते, आणि संध्याकाळी परतताना पुन्हा तेवढाच वेळ रस्त्यात गेला. इतक्या लांब येऊनही शहराचे काहीच पाहिले नाही, याची हळहळ मला बरेच दिवस राहिली. पुढे धाकट्या बहिणीने तिथे घर केले, वर्षातून दोन-तीन फेऱ्या होऊ लागल्या आणि शहर हळूहळू कळत गेले.

मुलाखतीला, प्रशिक्षणाला, मुलांना भेटायला किंवा नुसते शहर पाहायला पहिल्यांदा बंगळुरूला निघालेल्या मराठी वाचकांसाठी हे लिहीत आहे. पुढे बरेच बारकावे येतील, पण एका दिवशी एकच दिशा धरायची, एवढे पाळले तरी निम्मा त्रास वाचतो.

१. निघण्यापूर्वी शहराचा आराखडा समजून घ्या

शहराच्या मध्याच्या थोडे पश्चिमेला मॅजेस्टिक आहे. मुख्य रेल्वे स्थानक, एसटीसारख्या लांब पल्ल्याच्या सरकारी गाड्यांचे आणि शहर बसचे स्थानक आणि मेट्रोच्या दोन मार्गांचा सांधा हे सगळे तिथे एकमेकांना लागून आहे. त्याच्या दक्षिणेला चिकपेट, बळेपेट, के. आर. मार्केट ही जुनी बाजारपेठ लागते. कन्नडमधले ‘पेटे’ म्हणजे आपली पेठच. पूर्वेला एम. जी. रोड, ब्रिगेड रोड, कमर्शियल स्ट्रीट हा १८०९ नंतर वसलेल्या इंग्रजी छावणीचा भाग आहे. पेठ आणि छावणी यांच्या मधोमध कब्बन पार्क आणि विधान सौध येतात.

इथून बाहेर जाणाऱ्या दिशा लक्षात ठेवा. वायव्येला मल्लेश्वरम, यशवंतपूर आणि भारतीय विज्ञान संस्था. दक्षिणेला बसवनगुडी आणि जयनगर. पूर्वेला इंदिरानगर, के. आर. पुरम आणि सर्वांत शेवटी व्हाइटफील्ड. आग्नेयेला कोरमंगला, एचएसआर लेआउट आणि पुढे इलेक्ट्रॉनिक सिटी. उत्तरेला हेब्बाळ, येलहंका आणि विमानतळ. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘आयटीचा भाग’ म्हणतो तो एका जागी नाहीच. तो शहराच्या कडेकडेने विखुरलेला आहे, आणि त्या कडा जोडणाऱ्या बाह्य वळण रस्त्यावरच सर्वांत जास्त कोंडी होते.

२. मुक्काम कुठे करायचा

कामासाठी जात असाल तर ‘ऑफिस कोणत्या भागात आहे’ एवढे विचारून थांबू नका. पूर्ण पत्ता आणि सर्वांत जवळचे मेट्रो स्थानक विचारून घ्या आणि त्याच मेट्रो मार्गावर खोली शोधा. काम व्हाइटफील्डला असेल तर जांभळा मार्ग, इलेक्ट्रॉनिक सिटीला असेल तर पिवळा. नुसते फिरायला जात असाल तर जयनगर, मल्लेश्वरम किंवा इंदिरानगर हे भाग मला सर्वांत सोयीचे वाटतात: मेट्रो पायी अंतरावर, खाण्याची चंगळ आणि संध्याकाळी चालावेसे वाटणारे रस्ते. स्वस्तात भागवायचे असेल तर मॅजेस्टिकजवळच्या गांधीनगरमध्ये भरपूर लॉज आहेत, पण खोली पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.

इथला नेहमीचा फसवा शब्द म्हणजे ‘मेट्रोजवळ’. खोलीच्या जाहिरातीत तो असला तरी नकाशावर चालण्याचे अंतर स्वतः मोजा. दोन किलोमीटर म्हणजे जवळ नव्हे, कारण त्या दोन किलोमीटरसाठी रोज रिक्षा शोधावी लागते. कोरमंगला भाग तरुणांच्या फार आवडीचा आहे, पण तिथे मेट्रो अजून पोहोचलेली नाही, हेही ध्यानात असू द्या.

३. सोबत काय असावे

– आधार कार्ड किंवा दुसरे सरकारी ओळखपत्र, मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स. लॉजवर, कंपनीच्या फाटकावर आणि तांत्रिक कार्यक्रमांच्या नोंदणीच्या टेबलावरही ते मागतात.
– मुलाखत किंवा प्रशिक्षण असेल तर बोलावण्याचे ईमेल, छापील किंवा फोनमध्ये उतरवून ठेवलेले, आणि ज्यांना भेटायचे त्यांचे नाव व नंबर.
– यूपीआय चालू असलेला फोन आणि पॉवर बँक. नारळपाणीवाल्यापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड चालतो, तरी सुटे दोन-तीनशे रुपये जवळ ठेवा.
– मेट्रोचे ॲप, शहर बसचे ॲप आणि रिक्षा बोलावण्यासाठी नम्मा यात्री हे ॲप घरूनच फोनमध्ये घेऊन ठेवा.
– छत्री बारा महिने, आणि डिसेंबर-जानेवारीत स्वेटर. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंचावर आहे. पुण्या-मुंबईच्या सवयीने ऑक्टोबरमध्ये पाऊस संपला असे धरून चालू नका. सप्टेंबर-ऑक्टोबर हे तर इथले सर्वांत पावसाचे महिने, आणि पाऊस बहुधा संध्याकाळी, कामावरून सुटण्याच्या वेळीच कोसळतो.

४. पोहोचायचे कसे आणि उतरायचे कुठे

रेल्वेने जाणाऱ्यांनी तिकिटावरचे स्थानक नीट वाचावे, कारण बंगळुरूत मोठी स्थानके एकाहून अधिक आहेत. मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे जाणारी उद्यान एक्सप्रेस क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा स्थानकात, म्हणजे मॅजेस्टिकसमोर जाते; मिरजेकडून येणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेसही तिथेच संपते. काही गाड्या यशवंतपूरला थांबतात. तिथे हिरवा मेट्रो मार्ग आहे. मात्र तिकिटावर ‘एसएमव्हीटी’ असे असेल तर ते २०२२ मध्ये सुरू झालेले सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनल आहे. ते बैयप्पनहळ्ळी भागात असले तरी बैयप्पनहळ्ळी मेट्रो स्थानकाला लागून नाही. सामान घेऊन चालत जाता येईल अशा भरवशावर राहू नका. तेवढ्यापुरती रिक्षा किंवा बस धरा.

पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकुरू असा महामार्गाने सुमारे ८४० किलोमीटरचा प्रवास होतो आणि रात्रीची खासगी बस सकाळी तुमकुरू रस्त्याने शहरात शिरते. इथे एक युक्ती फार उपयोगी पडते. बस शहरात शिरताच कोंडीत अडकली की शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहू नका. नागसंद्र, दासरहळ्ळी, जालहळ्ळी, पीण्या ही हिरव्या मार्गाची स्थानके त्याच रस्त्यावर डोक्यावरच आहेत. चालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, तिथे उतरा आणि मेट्रोने मॅजेस्टिक गाठा.

विमानतळ देवनहळ्ळीजवळ, शहराच्या मध्यापासून पस्तीसेक किलोमीटरवर आहे. विमानतळाची मेट्रो अजून सुरू झालेली नाही. टॅक्सीसाठी घाई करण्यापेक्षा टर्मिनलबाहेरून सुटणाऱ्या वायू वज्र या वातानुकूलित सरकारी बस पाहा. त्या दिवसरात्र चालतात, सामान ठेवायला जागा असते आणि भाडे टॅक्सीच्या तुलनेत फारच कमी पडते. मॅजेस्टिकला जाणारी केआयए-९ आणि इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणारी केआयए-८ हे दोन क्रमांक लिहून ठेवा. बाकीचे मार्ग थांब्यावरच्या फलकावर मिळतात.

५. पत्ता वाचायला शिका

नव्या माणसाला सर्वांत जास्त चकवतो तो इथला पत्ता, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहिते. आपल्याकडे पत्ता म्हणजे ‘मारुतीच्या देवळामागे, जोशी वाड्याशेजारी’. बंगळुरूचा पत्ता असतो आकड्यांचा: ‘क्रमांक ४२, ७ वा क्रॉस, ११ वा मेन, ४ था ब्लॉक, जयनगर’. हे आकडे एकदा समजले की नकाशाशिवायही घर सापडते.

सगळ्यांत मोठा घटक म्हणजे वसाहत, तिला लेआउट किंवा नगर म्हणतात. तिचे पुढचे तुकडे म्हणजे ब्लॉक, स्टेज, फेज किंवा सेक्टर. कोणत्या वसाहतीत कोणता शब्द चालतो ते ठरलेले आहे. जयनगर आणि कोरमंगला यांचे ब्लॉक, जे. पी. नगरच्या फेज, बीटीएम लेआउटच्या स्टेज आणि एचएसआर लेआउटचे सेक्टर. त्या तुकड्याच्या आत एका दिशेने जाणारे रस्ते म्हणजे मेन आणि त्यांना आडवे छेदणारे ते क्रॉस. म्हणून पत्ता शेवटून सुरुवातीकडे वाचावा: आधी वसाहत, मग ब्लॉक, मग मेन, मग क्रॉस आणि शेवटी घर.

घोटाळा होतो तो असा, की हेच आकडे प्रत्येक वसाहतीत पुन्हा येतात. ‘पाचवा मेन’ शहरात शेकड्याने असतील. बहिणीच्या नव्या घरी पहिल्यांदा जाताना मी रिक्षावाल्याला मेन आणि क्रॉस बरोबर सांगितला, पण स्टेज सांगितली नाही. त्याने मला अगदी बरोबर क्रॉसवर, बरोबर क्रमांकाच्या दारात उतरवले. दार उघडणाऱ्या आजींनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि मुख्य रस्त्याकडे बोट दाखवून ‘सेकंड स्टेज’ एवढेच म्हणाल्या. बहिणीचे घर त्या रस्त्याच्या पलीकडे, दीड किलोमीटरवर होते. तेव्हापासून मी कुणाचाही पत्ता घेताना पिनकोड आणि नकाशावरची खूण दोन्ही मागून घेते.

आद्याक्षरांचाही गोंधळ होतो. के. आर. मार्केट म्हणजे पेठेतला कृष्णराजेंद्र मार्केट आणि के. आर. पुरम म्हणजे पूर्वेकडचे कृष्णराजपुरम. दोन्हींत मोठे अंतर आहे. आर. टी. नगर आणि आर. व्ही. रोड हेही वेगळे. एचएसआर हे होसूर-सर्जापूर रोडचे लघुरूप आहे, तेव्हा ‘होसूर रोडला’, ‘सर्जापूर रोडला’ आणि ‘एचएसआरला’ हे तीन निरनिराळे पत्ते आहेत असे समजूनच बोला.

६. शहरात फिरताना: मेट्रो, बस, रिक्षा

मेट्रोला इथे ‘नम्म मेट्रो’ म्हणतात, म्हणजे आपली मेट्रो. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला. जांभळा मार्ग चल्लघट्टपासून व्हाइटफील्डपर्यंत शहर पश्चिम-पूर्व ओलांडतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तो सलग झाला आणि माझ्यासारख्यांचे व्हाइटफील्डचे दुखणे बरेच कमी झाले. हिरवा मार्ग वायव्येच्या मादावरपासून दक्षिणेच्या सिल्क इन्स्टिट्यूटपर्यंत जातो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र हा पिवळा मार्ग सुरू झाला आणि इलेक्ट्रॉनिक सिटी मेट्रोने जोडली गेली. जांभळ्यावरून हिरव्यावर जायचे तर मॅजेस्टिकला आणि हिरव्यावरून पिवळ्यावर जायचे तर आर. व्ही. रोडला गाडी बदलावी लागते. पिवळ्या मार्गावर दोन गाड्यांमधले अंतर जास्त असते, तेव्हा वेळेवर पोहोचायचे असेल तर पंधरा-वीस मिनिटे हाताशी ठेवा.

२०२५ च्या फेब्रुवारीत झालेल्या दरवाढीनंतर मेट्रोचे भाडे अंतरानुसार १० ते ९० रुपये झाले. तिकीट फोनवरच काढा. सकाळच्या रांगेतली पंधरा मिनिटे वाचतात. सकाळी साडेआठ ते साडेदहा मॅजेस्टिकला गाडी बदलणे टाळता आले तर टाळा, विशेषतः सोबत वयस्क माणसे असतील तर.

शहर बसचे जाळे मोठे आहे. महिला प्रवाशांना एक गोष्ट आधीच सांगते. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात महिलांना साध्या सरकारी बसमध्ये मोफत प्रवास आहे, पण ही सवलत कर्नाटकच्या रहिवाशांनाच मिळते. महाराष्ट्रातला पत्ता असलेले आधार कार्ड दाखवून ती मिळत नाही, तेव्हा शेजारच्या बायका विनापैशाचे तिकीट घेताना दिसल्या तरी आपण पैसे देऊन तिकीट मागावे.

रिक्षाचे मीटरचे भाडे २०२५ च्या ऑगस्टपासून पहिल्या दोन किलोमीटरना ३६ रुपये आणि पुढे किलोमीटरमागे १८ रुपये असे ठरले आहे. रात्री दहा ते पहाटे पाच दीडपट. प्रत्यक्षात रस्त्यावर हात दाखवून थांबवलेली रिक्षा मीटरने येईलच असे नाही. बसण्यापूर्वी भाडे पक्के करा किंवा ॲपवरून बोलावा, आणि ॲपवर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त मागितले तर शांतपणे नकार देऊन दुसरी पाहा.

सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळांत सिल्क बोर्ड, मारतहळ्ळी, के. आर. पुरम आणि हेब्बाळ या नाक्यांवरून जाणारा कोणताही बेत आखू नका.

७. तंत्रनगरी पाहायची तर कुठे पाहायची

‘आयटी सिटी बघायची आहे’ म्हणून पुष्कळ लोक इलेक्ट्रॉनिक सिटीला जातात आणि बंद फाटकांपुढे फोटो काढून परततात. कंपन्यांच्या आवारात आतल्या माणसाच्या निमंत्रणाशिवाय प्रवेश नसतो. ओळखीचे कोणी असेल तर त्यांनी आदल्या दिवशीच तुमच्या नावाची नोंद करायला हवी. फाटकावर ओळखपत्र दाखवावे लागते, लॅपटॉपचा क्रमांक लिहून घेतात आणि बऱ्याच ठिकाणी आत फोटो काढू देत नाहीत. तेवढी सोय नसेल तर त्या फाटकांसाठी दिवस घालवू नका. हे शहर तंत्रज्ञानाचे कसे झाले, ते सामान्य माणसाला खुल्या असलेल्या जागी अधिक चांगले कळते, आणि ती गोष्ट आयटीच्या फार आधी सुरू होते.

तिची सुरुवात मी भारतीय विज्ञान संस्थेपासून करते. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या ३७१ एकर जमिनीवर १९०९ मध्ये ही संस्था उभी राहिली. जुने बंगळुरूकर आणि बसचे कंडक्टर अजूनही तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात, तेव्हा रिक्षात तेच नाव सांगा. एरवी आत जायला कामाचे कारण लागते, पण वर्षातून एकदा, बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, संस्थेचा खुला दिवस असतो आणि त्या दिवशी प्रयोगशाळांची दारे सर्वांसाठी उघडी असतात. सोबत शाळकरी मुले असतील तर सहलीची तारीखच त्या दिवसावरून ठरवा. सकाळी लवकर पोहोचा, सर्वांत लांबचे विभाग आधी पाहा आणि खाण्याचा डबा बरोबर न्या, कारण आत गर्दी फार असते.

दुसरे ठिकाण कस्तुरबा रोडवरचे विश्वेश्वरय्या औद्योगिक आणि तंत्रज्ञान संग्रहालय. ज्यांच्या नावाने ते आहे ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सीओईपीत, अभियांत्रिकी शिकले आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. हे माहीत असले की संग्रहालयातल्या झडपा आणि पाण्याची यंत्रे मुलांना दाखवताना सांगण्यासारखे बरेच असते. इंजिनांचे दालन आणि राइट बंधूंच्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती चुकवू नका. किमान तीन तास ठेवा. जवळचे मेट्रो स्थानक कब्बन पार्क; तिथून झाडांच्या सावलीतून चालत जाता येते.

तिसरे, जुन्या विमानतळाच्या रस्त्यावरचे एचएएलचे, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कारखान्याचे, विमान संग्रहालय. हा कारखाना १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने सुरू केला, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेले मारुत हे भारतात रचना झालेले पहिले जेट लढाऊ विमान तिथे अगदी हाताच्या अंतरावर उभे आहे; पंखांखाली वाकून पाहिले तर रिव्हेटांच्या ओळी मोजता येतात. इथे मेट्रो नाही, इंदिरानगरला उतरून बस किंवा रिक्षा करावी लागते.

ही साखळी मनात असली की पुढचे सगळे जुळत जाते. एचएएलनंतर १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज (आयटीआय) हा दूरध्वनी यंत्रांचा कारखाना, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स, पुढे इस्रोचे मुख्यालय, या सर्वांमुळे इथे यंत्र आणि विद्युत विषयात हात बसलेले हजारो कारागीर आणि अभियंते होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस राज्य सरकारच्या केऑनिक्स या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने इलेक्ट्रॉनिक सिटी वसवली, १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये इकडे आली आणि १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी चिप कंपनीने आपले केंद्र इथे उघडले. पुण्यात जन्मलेली कंपनी इथे का आली, हा प्रश्न मला नेहमी पडे. ही ठिकाणे ओळीने पाहिल्यावर त्याचे बरेचसे उत्तर मिळाले.

तुम्ही स्वतः या क्षेत्रातले असाल तर शनिवारी सकाळी होणाऱ्या तांत्रिक भेटी, म्हणजे या क्षेत्रातल्या लोकांचे ‘मीटअप’, जरूर गाठा. प्रवेश बहुधा मोफत असतो, पण जागा मोजक्या असतात. नोंदणी आधी करा, मान्यता आल्याचे ईमेल पाहा आणि ओळखपत्रावरचे नावच नोंदणीत लिहा. येलहंक्याच्या हवाई दलाच्या तळावर दर दोन वर्षांनी, विषम सालच्या फेब्रुवारीत, एरो इंडिया हे विमान प्रदर्शन भरते. त्या आठवड्यात जायचे असेल तर खोली आणि प्रवेशिका फार आधी घ्यायला हवी.

८. एस. पी. रोडवरचा एक तास

इलेक्ट्रॉनिक्सची थोडीही आवड असेल तर सदर पत्रप्पा रोड, म्हणजे एस. पी. रोड, पाहिल्याशिवाय परतू नका. हिरव्या मार्गाच्या चिकपेट किंवा के. आर. मार्केट स्थानकावरून चालत जाता येते. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दहा-बारा फुटी दुकाने, आणि आत छतापर्यंत लहान लहान खण. भाच्याच्या शाळेच्या प्रकल्पासाठी तापमान मोजणारा सेन्सर हवा होता म्हणून मी एका दुकानात विचारले. दुकानदाराने मागे वळून न पाहताच डाव्या हाताने एक खण ओढला, चिमटीत तीन पायांचा तो इवला तुकडा धरला आणि ‘कोणत्या बोर्डला जोडणार?’ असे विचारले. मग काउंटरवरच तारा लावून त्याने तो आपल्या बोटाने धरला आणि पडद्यावरचा आकडा चढताना मला दाखवला. पंधराव्या मिनिटाला मी बाहेर होते. हेच मागवायला घरी आम्ही चार दिवस थांबलो असतो.

इथे तीन गोष्टी सांभाळा. हव्या असलेल्या भागाचा नेमका क्रमांक लिहून न्या, कारण ‘तसाच चालतो’ म्हणून दिलेला भाग दर वेळी चालतोच असे नाही. वस्तू तिथेच जोडून, चालवून पाहा, कारण सुटे भाग सहसा परत घेत नाहीत. महाग वस्तूसाठी पक्के बिल मागा. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात.

९. खाणे

सकाळचा नाश्ता दर्शिनीत करा. दर्शिनी म्हणजे उभ्याने खाण्याचे स्वच्छ, झटपट उपाहारगृह. आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घेऊन ताटाच्या खिडकीशी जायचे, ताट घेऊन उंच टेबलाशी उभे राहायचे आणि खाऊन झाल्यावर ताट ठरलेल्या जागी ठेवायचे. नवखा माणूस आत जाऊन बसायला जागा शोधतो आणि कोणी विचारायला येईल म्हणून थांबतो. कोणी येत नाही. ‘डिप’ म्हणाल तर इडली-वडा सांबारात बुडवून मिळतो. ‘चौचौ बाथ’ म्हणजे आपल्या तिखट उपम्यासारखा खारा बाथ आणि शिऱ्यासारखा केसरी बाथ एकाच बशीत. कॉफी ‘बाय टू’ मागितली तर एक कॉफी दोघांत वाटून मिळते आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही.

बसून खायचे तर बसवनगुडीतल्या गांधी बाजारमधले १९४३ चे विद्यार्थी भवन आणि लालबागजवळचे १९२४ पासूनचे एमटीआर ही जुनी ठिकाणे आहेत. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रवा इडली एमटीआरमध्येच जन्मली. शनिवार-रविवारी तासभर थांबावे लागते, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी सातला जा आणि साप्ताहिक सुट्टीचा वार आधी पाहून घ्या.

१०. चार शब्द कन्नडचे

हिंदी-इंग्रजीवर काम भागते, तरी चार कन्नड शब्दांनी समोरच्याचा चेहरा खुलतो, हे मी दर वेळी अनुभवले आहे. ‘एष्टु?’ म्हणजे किती, ‘बेकु’ हवे, ‘बेड’ नको, ‘एल्लि?’ कुठे; ‘इल्ले निल्सि’ इथेच थांबवा; ‘मीटर हाकि’ मीटर टाका; ‘कन्नड बरल्ल’ मला कन्नड येत नाही. ‘स्वल्प’ म्हणजे थोडे, हा तर आपलाच शब्द. तुपाला ‘तुप्पा’ म्हणतात. मोठ्या माणसाला ‘अण्णा’, बाईंना ‘अक्का’ म्हटलेले चालते. ‘ताई’ मात्र जपून वापरा, कन्नडमध्ये तिचा अर्थ आई असा होतो. भाषेवरून कोणी टोकले तर वाद घालू नका. शिकतो आहे, एवढे सांगितले की बहुतेक लोक स्वतःच पुढचा शब्द शिकवतात.

११. कामाव्यतिरिक्त एक दिवस मिळाला तर

तो दिवस दक्षिणेला द्या. सकाळी सहाला लालबाग: हैदरअलीने १७६० मध्ये सुरू केलेली, आज सुमारे २४० एकरांवर पसरलेली बाग. १८८९ चे काचघर पाहा आणि आतल्या खडकावर चढा. हा खडक सुमारे तीन अब्ज वर्षे जुना आहे. त्यावर बसून सूर्य वर येताना पाहणे मला कोणत्याही ‘पॉइंट’पेक्षा जास्त आवडते. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास पुष्पप्रदर्शन असते, तेव्हा गर्दी प्रचंड होते. तिथून बसवनगुडीत नाश्ता, मोठ्या नंदीचे देऊळ, मग के. आर. मार्केटजवळचा किल्ला आणि टिपूचा १७९१ मध्ये पुरा झालेला सागवानी महाल.

किल्ल्याशी आपले नातेही आहे. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेले हे शहर १६३८ मध्ये विजापूरकरांनी घेतले आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून दिले. मल्लेश्वरम ज्या देवळावरून ओळखले जाते ते काडू मल्लेश्वराचे देऊळ व्यंकोजीराजांनी बांधल्याचे सांगतात. महामार्गाने स्वतःच्या गाडीने येणार असाल तर दावणगेरे जिल्ह्यातल्या होदिगेरे येथे शहाजीराजांची समाधी आहे. थोडी वाट वाकडी करून तिथे जाऊन या.

खरेदीसाठी कमर्शियल स्ट्रीट, पुस्तकांसाठी चर्च स्ट्रीट, एवढे पुरे. नंदी हिल्सला जायचे तर पहाटे चारला निघण्याची तयारी हवी. दोन दिवसांच्या भेटीत तो हट्ट करू नये.

१२. परतीचा दिवस

परतीच्या दिवशी सामान घेऊन शहर पाहायचा बेत आखू नका. मुक्कामाच्या जागी सामान ठेवू देतात का, हे आदल्या रात्री विचारा. संध्याकाळचे विमान असेल तर दक्षिण बंगळुरूतून निदान साडेचार तास आधी निघा, पाऊस असेल तर पाच. रेल्वेने जाणाऱ्यांनी तिकिटावरचे स्थानक पुन्हा एकदा वाचावे, कारण आलेली आणि जाणारी गाडी एकाच स्थानकातून असते असे नाही. घरी न्यायला फिल्टर कॉफीची पूड घ्यायची ती मल्लेश्वरम किंवा गांधी बाजारमधल्या दळून देणाऱ्या दुकानातून घ्या आणि चिकोरी किती टक्के हवी ते आधी सांगा. पूड ताजी दळलेली असल्याने पुडा दुहेरी पिशवीत बांधून मागा, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत बॅगेतले सगळे कपडे कॉफीच्या वासाचे झालेले असतात.